नाव फाटलेलं पुस्तक

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीनं रद्दीत काढलं होतं,
मी किलोवर घेतलं. पहिली सोळा पानं गायब,
त्यामुळे नाव नाही, मराठीत कुणी आणलं तेही नाही.
शिक्का तेवढा शाबूत : भुसावळ, एकोणीसशे एकाहत्तर.
ग्रीक लोकांची जुनी लढाई आहे, एवढं कळलं.
राजांची नावं जिभेवर बसेनात,
मी त्यांना गाड्यांसारखे नंबर दिले.

चौतीस वर्षं केबिनमध्ये काढलेला माणूस मी.
जहाजांची यादी आली तिथे हसलो :
पानामागून पान, कुणाची चाळीस, कुणाची ऐंशी.
शहाणा असता तर ओलांडून गेला असता.
मी मालगाडीच्या वाघिणी मोजाव्यात तशी सगळी मोजली.
शेवटचा डबा गेल्याशिवाय
लाइन क्लिअर द्यायची नसते.

मग माणसं मरायला लागली.
ज्यानं कुणी हे रचलं त्याची एक खोड आहे.
भाला लागायच्या आधी तो थांबतो,
पडणाऱ्याचं गाव सांगतो, बाप सांगतो,
घरी मेंढरं किती, लग्न नवं होतं का,
मग पाडतो.

आमच्या गुणवंतला पेपरात दीड इंच जागा मिळाली.
केळीच्या ट्रकची धडक, दुचाकीस्वार ठार.
वय दोन वर्षांनी चुकलेलं.
बाप नव्हता त्यात.

देवका म्हणायची, दिवसभर काय ते मारामारीचं वाचता,
कूलरमध्ये पाणी टाका आधी.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री.
पाणी टाकून मी पुन्हा त्याच पानावर :
एक म्हातारा राजा रात्री गाडी जोडून निघतो
पोराला मारणाऱ्याच्या तंबूकडे,
प्रेत मागायला.

तीन आठवडे मी त्या पानापुढे सरकलो नाही.
मला तर प्रेत मिळालं होतं.
जळगावच्या सिव्हिलमधून, तीन सह्या करून.
मग मला काय मागायचं होतं?

पेन्शनचं काम आहे सांगून निघालो.
एसटीनं यावल, पुढे काळीपिवळी,
सातपुड्याच्या पायथ्याशी तडवींची वस्ती.
जुम्मा तडवी जामिनावर सुटलेला, निंबाखाली बाजेवर.
गुणवंतच्याच वयाचा.
मला पाहून उठला, चप्पल शोधायला लागला,
पळायला की पाया पडायला, कोण जाणे.

मी काही त्याचे गुडघे धरले नाहीत.
एवढंच विचारलं : काही बोलला होता का तो?

एक शेळी खोकली.
‘पानी मांगलं त्यानं,’ जुम्मा म्हणाला.
‘माह्या बाटलीतलं पाजलं. डोकं मांडीवर व्हतं.
थोडं पेला बी.’

पंचनाम्यात हे नव्हतं.

त्याचा बाप दारात येऊन उभा होता.
आधी कोण रडलं आठवत नाही.
मग त्याच्या आईनं कळण्याची भाकरी आणली, ठेचा आणला.
पुस्तकातही ते दोघं रडून झाल्यावर जेवतात.
वाचताना मला त्याचा राग आला होता,
घास उतरतो कसा?
उतरतो.

तारखेला मी खोटं बोलणार नाही.
ट्रक वेगात होता, हे त्यालाही माहीत आहे.
त्या राजालाही बाराच दिवस मिळाले होते,
पुढे लढाई होतीच.
आपल्याकडेही दहावं, तेरावं,
आणि चौदाव्या दिवशी ड्यूटी.

पुठ्ठ्याच्या आत मी बॉलपेननं लिहिलंय :
गुणवंत, एकनाथ भारंबे यांचा, भुसावळचा. वय सव्वीस.

रात्री देवकानं विचारलं, झालं का पेन्शनचं?
मी म्हणालो, पाणी मिळालं होतं त्याला.
ती उठली. कूलर बंद केला.
अंधारात खाटेच्या काठावर बसली
आणि म्हणाली,
पुन्हा सांगा.