पदरचं

पणजी येर्का दुसऱ्यांची पत्रं लिहायची.
पुन्ता अरेनासच्या वाऱ्यात
मेंढ्या कातरून दमलेले गडी
शनिवारी तिच्या चुलीपाशी येऊन बसत,
लोकरीच्या तेलानं मऊ पडलेले हात
मांडीवर ठेवून.
ते सांगत, ती लिही,
आणि शेवटी एक ओळ पदरची घाली:
आई, मी इथं पोटभर जेवतो.

तिचा लेक बाल्दो, माझा आजा, तारघरात.
तिथं शब्दामागे पैसे पडत,
म्हणून तो लोकांची दुःखं छाटून देई.
'फार', 'अजूनही', 'एकदा तरी'
संध्याकाळी त्याच्या टेबलाखालून झाडून काढावे लागत,
असं घरात थट्टेनं म्हणत.

त्याची मुलगी जन्मतः बहिरी.
ती माझी आई.
लोक हळहळले, शब्दांचं घर मुकं झालं म्हणून.
मुकं कसलं!
खिडकीतून गल्लीपलीकडच्या बाईशी
ती हातांनी तासतास भांडायची.
हातमोजे घातले
की तेवढा अबोला.

तिच्या वतीनं मी पाचव्या वर्षी
खाटकाशी घासाघीस केली,
सहाव्या वर्षी बँकेत, टाचा उंचावून.

आठव्या वर्षी दवाखाना.
डॉक्टर म्हणाले, आईला सांग,
बाळाचं हृदय थांबलंय.
मला ती खूण येत नव्हती.
मी तळवा गालाखाली घेतला:
झोपलंय.
आई माझ्या हातांकडे बघतच नव्हती,
डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती.
मग तिनं माझी मनगटं धरली
आणि तो शब्द मला शिकवला.
दोनदा.
बोटं नीट वळेपर्यंत.

आता मी दुभाषी. कोर्टात, दवाखान्यात.
शपथ घेते: पदरचं घालणार नाही,
ऐकलेलं गाळणार नाही.
म्हणजे येर्कासारखं करायचं नाही
आणि बाल्दोसारखंही.
हे काम तुम्ही कसं निवडलंत, लोक विचारतात.
मी मनगटं चोळते.

परवा त्याच मजल्यावर
एक मुलगा आईशेजारी ताठ बसलेला,
दप्तर अजून पाठीवरच.
मी म्हटलं, आता मी आहे. तू खाली जा,
सामुद्रधुनीत मोठं जहाज आलंय, बघून ये.
तो गेला, हात खिशात,
खिशात बोटं हलत होती.

जहाज आलं होतं की नाही,
मला ठाऊक नव्हतं.