सौनातली खोकी

आमच्या सौनात दोनशे बारा खोकी आहेत,
म्हणून ऑक्टोबरपासून आम्ही
हिल्क्काकडे अंघोळीला जातो.
विर्पी म्हणते, वसंतापर्यंत एक बाक तरी रिकामा होईल.
विर्पी माझी बहीण. खेळ तिचे, हिशेब माझे.
ताम्पेरेहून बसने चाळीस मिनिटं, मग तळं, मग आम्ही.

खोक्यांत ‘हिवाळी टपाल’ आहे.
गोठलेलं तळं, चार पोस्टमन, चार घसरगाड्या.
फासा टाकायचा, सहा पडले की बर्फाला तडा.
पत्र भिजलं तर डाव गेला.
माणूस बुडाला तरी चालेल, असं आधी नियमात होतं;
आईनं ते काढायला लावलं.
तीन हिवाळे लागले या खेळाला.
लाकडी पोस्टमन मी तासले,
एकाचं नाक दर वेळी मोडायचं.

आणि एवढं करून तिनं नियम मोकळे सोडले:
कुणीही छापा, बदला, विका,
फक्त कुणाकडून घेतलंत ते सांगा.
मी म्हटलं, हे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं.
ती म्हणाली, रानातली ब्लूबेरी कुणाच्या बापाची?
आपल्याकडे रान कुणाचंही असो,
बेरी वेचणाऱ्याची.
खरं आहे, मी म्हटलं,
पण बाजारात बेरी विकणाऱ्या हिल्क्काला विचार
वाकून वाकून कंबर कुणाची जाते.
विद्या दिल्यानं वाढते,
वीजबिल न दिल्यानं.

मार्चमध्ये एका मोठ्या कंपनीनं तोच खेळ काढला.
चकचकीत पेटी, प्लास्टिकचे पोस्टमन (नाकं शाबूत),
किंमत आमच्या निम्मी.
झाकणाच्या आत मुंगीएवढ्या अक्षरांत विर्पीचं नाव.
सगळं कायद्यानं.
मी वकिलाला फोन केला.
तो म्हणाला, अरे, हा तर माझ्या मुलीकडे आहे!
कुठली पेटी, ते मी विचारलं नाही.

मग लाहतीचा मेळा. शाळेचा हॉल, घडीची टेबलं,
पातळ कॉफी.
रात्रीच्या बसनं उत्तरेकडून आलेली एक बाई
आणि तिचा निल्लस, वय दहा.
त्यानं पिशवीतून पुठ्ठा काढला,
मागे न्याहारीच्या पोह्यांची जाहिरात,
पुढे पेन्सिलीचं तळं,
बटणांचे पोस्टमन, काड्यांच्या गाड्या.
त्यांच्या बाईंनी नियम सामीत उतरवलेत म्हणे,
सगळी शाळा खेळते.
सगळी शाळा, मी मनात गुणाकार केला:
सदतीस मुलं, शून्य युरो.
माझ्या वहीत याला रकाना नाही.

आम्ही एक नियम घातलाय, निल्लस म्हणाला.
बर्फावर दोघे भेटले
तर एकानं दुसऱ्याचं पत्र न्यायचं.
कशासाठी? मी विचारलं. तू तर हरशील.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मी काहीतरी मुद्दाम विसरल्यासारखा.
मग त्याचं बटण माझ्या शेजारी आलं,
माझं पत्र घेऊन गेलं, पलीकडे पोचलं.
विर्पी उभ्याउभ्या हे लिहून घेत होती,
कॉफीच्या पावतीवर.

त्याच्या आईनं आमचा संच हातात घेतला.
मोडक्या नाकावरून अंगठा फिरवला.
बेचाळीस, मी म्हटलं.
तिनं तो जपून खाली ठेवला,
जिथून उचलला अगदी तिथेच.
विर्पी देणार होती. मला कळलं.
मी टेबलाखाली तिचं मनगट धरलं.
ती दोघं बसकडे निघून गेली तरी
मी धरून होतो.

पुढची आवृत्ती निघाली
तर सातव्या पानावर ‘निल्लसचा नियम’ असेल.
छापखान्याचा दर खणात आहे.
खण मी उघडत नाही.

आज शनिवार. दोनशे अकरा खोकी.
एक विर्पीनं टपालानं उत्तरेला पाठवलं,
स्वतःच्या पैशांतून, पूर्ण किंमत भरून,
पावती माझ्या वहीत खोचून.
मी ती जमेत लिहिली. दुसरं काय करणार?
हिल्क्का अंघोळीचे पैसे घेत नाही, कधीच नाही घेतले.
तिची चिमणी धुरावू लागलीय.
विर्पी टॉवेल घेऊन पुढे गेली,
आणि मी अंगणात, तिच्या ओंडक्यांपाशी,
कुऱ्हाड शोधतोय.