विसळलेली क्युवेट

तार्तूत डिसेंबरात दिवस साडेतीनला संपतो.
प्रयोगशाळेच्या तळघरात तो सुरूच झालेला नसतो.

हेल्दुर सकाळपासून एकच द्रावण पातळ करतोय,
दहापट, शंभरपट, हजारपट,
आणि आकडे सरळ रेषेचं ऐकत नाहीत.
जिथे थोडा तरी पिवळा रंग उरायला हवा
तिथे जवळजवळ पाणीच.
"दिव्याने जाळला," तो म्हणतो, "नाहीतर मीच चुकलो."
वरून प्राध्यापिका लेपसारांची चिठ्ठी आलीय:
दोन आठवडे झाले. काय उजेड पाडलात?

विर्वे भांडी धुते. एकतीस वर्षं.
बीकर, नळ्या, चौकोनी क्युवेट,
ती सगळ्यांना भांडीच म्हणते.
तिने त्याची ओतून रिकामी केलेली क्युवेट उचलली,
तीनदा विसळली,
खोलीतला दिवा मालवला
आणि जांभळ्या किरणासमोर धरली.

पाणी नव्हतं. रंग नव्हता.
फक्त काचेच्या चारी भिंती
आतून हिरवट उजळल्या,
कुणी नसलेल्या घरात
खिडक्या तेवढ्या जाग्या असाव्यात तशा.

"हरवलं काही नाही," विर्वे म्हणाली. "बसलंय."

मग हेल्दुरला आठवलं ते पुस्तकातलं:
ऑरामाइनच्या रेणूला दोन हात,
पाण्यात मोकळा असला की मिळालेला सगळा प्रकाश
तो हात फिरवण्यातच खर्चून टाकतो,
पाणी थोडं कोमट होतं, बस्स.
काचेच्या अंगावर ऋणभार, याच्या अंगावर धन,
एकदा टेकला की काच त्याला हलू देत नाही,
आणि हलता येत नाही म्हणून
तो उजळतो.

विर्वेला पुस्तक माहीत नव्हतं.
तिला किह्नू बेटावरचा एन्देल काका माहीत होता.
काका गोष्ट सांगायला बसला की
हात होडीसारखे, हात लाटेसारखे, हात सीलसारखे,
आणि सील पाण्यात बुडी मारायच्या आत
गोष्ट हवेत विरून गेलेली.
एका हिवाळ्यात तो बर्फावर घसरला.
दोन्ही हात प्लास्टरमध्ये, कोपरापासून मनगटापर्यंत.
"त्या हिवाळ्यात," विर्वे म्हणाली,
"आम्ही पहिल्यांदा गोष्टींचे शेवट ऐकले."

हेल्दुर हसला, आणि मग त्याला धीर धरवेना.
काचेवर हे, तर चांदीवर किती!
चांदीचा पातळ थर, त्यावर तोच रंग:
काळोख.
रेणू उजेड सांडायच्या आधीच
चांदी तो त्याच्या हातातून काढून घेत होती,
सावकारी नव्हे, नुसती भूक.
मग काचेवरच दाट थापला. तिथेही मंद.
शेजारी शेजाऱ्याला खेटले,
आणि एकमेकांचंच विझवत बसले.

रात्री अकराला त्याने चांदीवर आधी काचेची साय धरली,
केसाच्या जाडीचा दहा हजारावा भाग,
आणि त्यावर रंग, विरळ.
टेकायला जागा, शिवाय चांदीपासून इतकंसं अंतर.
पडद्यावरची रेघ उठली
आणि मोजपट्टीच्या वर निघून गेली.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
एमायोगी नदीवरच्या पुलाचे दिवे
तळघराच्या उंच खिडकीतून दिसतात,
अर्धेच. आज तेवढे पुरले.

त्याने चिठ्ठीच्या मागे लिहिलं:
थोडा पाडला. काचेवर.

"आणि वसंतात?" त्याने विचारलं. "प्लास्टर निघाल्यावर?"
विर्वे हातमोजे चढवत होती.
"काय होणार? पुन्हा हात.
होड्या, लाटा, सील. गोष्ट कुठे कळायची नाही.
पण काकू म्हणायची,
घर तेव्हाच गरम असायचं."

मग तिने ती पहिली क्युवेट चिमट्यात धरली,
किंचित तिरकी करून पाहिली,
आणि आम्लाच्या बरणीत सोडली.
"ही नुसत्या पाण्याने जायची नाही," ती म्हणाली.
"आणि उद्या मला रिकामी लागेल."