वर राहणारं माणूस

लार्ग्सहून साडेआठची बोट धरायची.
कंब्रे समोरच दिसतं, दहा मिनिटांवर,
तरी मोराग बजावते: परतीची शेवटची चुकली
तर रात्र बेटावर, ओल्या मोज्यांनिशी.

काल ज्या काट्यावर बेसन तोललं
त्यावर आज शिशाचे तुकडे.
किलोचा एक पन्नास ग्रॅम कमी भरतो.
इथंही मापात पाप.
माणूस आपसूक बुडत नाही म्हणे,
बुडायलाही वजन विकत घ्यावं लागतं.

भरती अकराला. पाणी नऊ अंश.
दोन सिलिंडर, फ्लास्क,
चिवड्याचा डबा टॉवेलात गुंडाळून,
खडखडू नये म्हणून.

आणि अंगठा वर केला की ‘मस्त’ नव्हे,
‘वर चल’.
पन्नास वर्षांची सवय
उद्यापुरती मोडायची.

फॉर्मवर शेवटचा रकाना:
आणीबाणीत कोणाला कळवावं?
मोराग, लिहिते.
खोडते. ती तर माझ्याबरोबर खाली.
वर राहणारं माणूस हवं.

पेन टेकवून बसते बराच वेळ.
मग भावाचा नंबर, सांगलीचा.
आम्ही उतरू तेव्हा तिथं दुपारचे साडेतीन,
तो गल्ल्यावर पेंगत असेल,
फोन पालथा ठेवून.