तीन मिलिमीटर

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत मी रबराला बाजूने ढकलते
आणि त्याचा पगार घेते.

वरून दाबलं तर कुणीही दबतं, त्यात काही विशेष नाही.
खालचा पाय चिकटवलेला, डोक्यावर लोखंडी पाट,
आणि पाटाला आडवा रेटा –
मग वस्तू ना लहान होते, ना मोठी,
होती तेवढीच राहते,
फक्त काटकोन सोडते.

पुस्तकात याला कर्तन विकृती म्हणतात.
दांडिया बाजारातल्या आमच्या आत्या
विकृती ऐकून हातातली वाटी खाली ठेवतील,
म्हणून घरी सांगते, कललेलं मोजते.
किती सरकलं भागिले किती उंच.
मिलिमीटरला मिलिमीटरनं भागलं
की उरतो नुसता आकडा,
त्याला एकक नाही, गाव नाही.

साठ मिलिमीटर रबर. चौऱ्याऐंशी किलोन्यूटन.
जशुभाई पंपाच्या दांड्याशी, मी डायलशी.
पॅडच्या कुशीवर मी खडूनं उभी रेघ ओढलेली असते.
ती आधी काही कबूलच करत नाही,
मग निघते.
दहा. एकवीस. तीस.
बेचाळीस भागिले साठ, शून्य पूर्णांक सात.
इतकं कललेलं चालतं.
पूल मागतोच इतकं :
मे महिन्यात लांबतो, पौषात आखडतो,
डंपरनं ब्रेक दाबला की पुढे लोटतो,
आणि खाली कुणीतरी पाय रोवून
त्याचं सरकणं मुकाट गिळायचं असतं.

रेटा काढला की रेघ उभी राहते.
सतरा नंबरची राहिली नाही.
अर्धा तास थांबलो. चहा झाला.
जशुभाईंनी तिच्याकडे दोनदा असं पाहिलं
की जणू रागावल्यावर सरळ होईल.
तीन मिलिमीटर.
तीन भागिले साठ, शून्य पूर्णांक शून्य पाच.
"चालशे, बेन," ते म्हणाले,
पण डायलकडे न बघता.

दाराशी ट्रक लागलेला.
मग फोन. मग केयूरशेठ स्वतः, हातात लीलो चेवडा.
कुणी धमकावलं नाही, हे मुद्दाम लिहिते.
वरून कुणी दाबलं नाही.
माझ्या मुलाच्या ट्रेनिंगची चौकशी झाली,
कुठल्या कंपनीत ओळख आहे ते सांगून झालं,
ताई म्हणून झालं.
पाय जागेवर होते माझे.
उंची पाच फूट एक.
डोकं किती सरकलं ते कुणी मोजलं नाही,
मीही नाही.

सहा वाजले होते.
शिअर म्हणजे कातर, हे मला कॉलेजात कधी सुचलं नव्हतं,
दोन पाती एकमेकींना चाटून उलट्या दिशांना जातात ती.
शेडच्या पत्र्याखालून उजेड एकीकडे निघाला होता,
अंधार दुसरीकडून आत येत होता,
या वेळेला कातरवेळ कुणी म्हटलं असेल
त्याला दोघांच्या मध्ये उभं राहून
सही करायची असणार.

लिहिलं : सतरा, तीन, नापास.
आवाज कातर झाला होता, अक्षर नव्हतं.
चेवडा मात्र घेतला. खोटं कशाला बोलू.

आता सतरा नंबर गेटपाशी पडलेला असतो.
वॉचमन तडवी त्याच्यावर बसून
मोबाइलवर कबड्डी बघतो.
काल मी त्याला उठवलं, फुटपट्टी काढली.
खडू पुसट झालेला, पण रेघ दिसत होती.
अडीच.

कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही,
सतरा दिवसांत आपलं आपण
अर्धा मिलिमीटर परत आलेलं.
तडवी म्हणाला, "शू थयू, बेन?"
मी काही नाही म्हटलं.
नोंदवहीत याला रकाना नाही.