मनगटातून दहा

दिवाळ्याच्या जेटीवर पहाटे चारला
बर्फाच्या लाद्या उतरतात टेम्पोतून,
गोणपाट चिकटलेल्या, धुरकट.
मी टोचा घेऊन उभा.
तीस वर्षं झाली, हाताला बर्फाचं वय कळतं.

त्याच वेळी तिकडे वर,
जिचं नाव मला धड घेता येत नाही त्या खिंडीखाली
माझी लेक जागृती कपाळाला दिवा बांधते
नि बर्फात खड्डा खणते.
पगार मिळतो तिला त्याचा.
गावात सांगितलं की हसतात:
कोळ्याची पोर, नि बर्फ विकत नाही, नुसता बघते!

फोनवर म्हणते, बाबा, डोंगरावरचा बर्फ एक नसतो.
मूठ घुसते तो कोवळा,
मग चार बोटं, मग एक, मग पेन्सिल,
नुसती सुरीच जाते तो जून.
आणि अगदी तळाशी, कार्तिकात पडलेला,
साखरेसारखा सुटा,
कितीही दाब, गोळा होत नाही.
सगळा हिवाळा त्या साखरेवर उभा असतो.

फावड्याचं पातं ठेवून ती वरून थापा मारते.
मनगटातून दहा.
कोपरातून दहा.
खांद्यातून दहा.
कितव्या थापेला सरकला ते वहीत.
मनगटातच सरकला तर?
तर त्या दिवशी कुणालाच वर सोडायचं नाही.

चैत्रात थापाही नकोत, ऊनच पुरतं.
रात्री वरचा पापुद्रा आवळतो,
त्यावरून अंधारात जायचं, अकराच्या आत माघारी.
पूर्वेची उतरण आधी घामेजते.
लिंबाएवढे गोळे आपोआप घरंगळू लागले
की समजायचं, डोंगर सैल झाला.

परवा अकरा वाजले. बारा.
खाडीला ओहोटी, चिखलावर ऊन चकचकीत.
फोन नाही.
मी टेम्पोत चढलो. सात लाद्या उरलेल्या,
एकावर एक, मधे पाणी सुटलेलं.
कुणी हात लावला नव्हता.
धप्प.
वरची लादी वीतभर पुढे आली नि थांबली.

सुगंधा मावशी भाव विचारत होती,
मला तोंड उघडेना.
खाली उतरून पाचर ठोकली,
फळीशी खेळणाऱ्या पोरांवर ओरडलो,
उताराखाली बसायचं नाही!
पोरं बघतच राहिली. उतार कसला, जेटी आहे ही.

पावणेतीनला वाजला.
रेंजमधे यायला वेळ लागला, म्हणाली.
पायाखाली आवाज झाला, बाबा,
अख्खं मैदान बोटभर खचलं. तिथूनच फिरलो.
कसा आवाज, सांगू?
माहीत आहे, मी म्हणालो.

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला तिकडचा.
मग विचारलं तिनं, निवट्या आल्यात का?
आल्यात. टोपलीभर.

चारला शेवटचा टेम्पो होता.
लादी फोडताना
मी मोजत होतो.