किती जागा खातंय

अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलच्या कारखान्यामागं
जिथं पूर्वी सुताची पोती असत
त्या खोलीत आता सर्व्हर आहे, एक एसी, आणि मी.
बाहेर त्रेचाळीस. आत चोवीस.
मालक हल्ली दुपारचा डबा इथंच खातात, कारण सांगत नाहीत.

चार नव्या डिस्क आल्यात खोक्यातून
आणि आज ठरवायचंय, कोण कुणाशेजारी बसणार.
दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर निम्मी जागा गेली.
चौघींत मिळून एकीपुरताच हिशेब राखला तर जागा वाचते,
पण एक मेली की उरलेल्या तिघी
तिला आठवत रात्रभर धापा टाकतात,
आणि वीज तर आपल्याकडं केव्हाही जाते.
मी जोड्या लावते.

"निम्मे पैसे पाण्यात?"
शेंगाचटणीचं बोट भाकरीवरच थांबतं.
पाण्यात नाही, मी म्हणते. सोबतीला.

"आणि हा पाव भाग रिकामा? भाड्यानं द्यायचाय?"

कसं सांगू.
स्नॅपशॉट म्हणजे प्रत नसते.
त्या क्षणी आपण फक्त शब्द देतो
की आत्ता इथं आहे ते खोडणार नाही,
नवं येईल ते शेजारी लिहू.
शब्द द्यायला काही लागत नाही.
पाळायला जागा लागते.

गेल्या साली सगळं एकाच ढिगात होतं,
डिझाइनं, पगार, बिलं, गेटवरचा कॅमेरा.
कॅमेरा दिवसभर लिहितो आणि खोडतो,
आणि शब्द दिलाय म्हणून
डिस्क प्रत्येक खोडलेलं रिकामं गेट सांभाळत बसली.
पगाराच्या शनिवारी काठोकाठ भरली, थांबली.
घडी खात्यातल्या एकशेदहा बायका पायरीवर बसून
माझ्याकडं बघत होत्या. रागानं नव्हे. नुसतं.

म्हणून यंदा कॅमेरा वेगळा; त्याला विसरायची मुभा.
बिलं वेगळी, तासाला एक स्नॅपशॉट, सात दिवस.
डिझाइनं वेगळी, रोज एक, तीस दिवस.
आणि रविवारी सगळ्याची खरीखुरी प्रत
जुळे सोलापुरात, मालकांच्या जिन्याखाली,
कारण एका छपराखालची आठवण एकाच आगीत जाते.

बाप माझा मागावर ताणा सांधायचा.
चादर उतरली तरी जुन्या ताण्याची टोकं
फणीत तशीच ठेवायचा, वीतभर, न विणलेली.
मग नव्या बीमचा एकेक धागा
राख लावलेल्या बोटांनी त्या टोकाला पिळायचा,
दोन हजार वेळा, मान न उचलता.
ती वीत कुणी विकत घेत नाही.
ती कापली असती तर सगळं पहिल्यापासून ओवावं लागतं.
हे मालकांना सांगायला हवं होतं.
सुचलं रात्री, रिक्षात.

पण त्याआधी, साडेसहाला, जुनी डिस्क उतरवताना
एका स्नॅपशॉटमध्ये एक फाइल दिसली
जी आज कुठंच नाही.
नरसय्या येमूल, डिझाइन खातं.
निवृत्तीच्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी
त्यांनी स्वतःच खोडलेली.
उघडली.
काठाला तेंदूची पानं, कात्रीनं कापलेली,
जशी त्यांची बायको विड्यांसाठी कापायची.
मधला सगळा भाग कोरा.
असला टॉवेल कोण घेणार.

उद्या तीस दिवस भरतात. नियम मीच लिहिलाय,
आपोआप जाईल ती.
आता ज्यानं खोडली त्याचं ऐकायचं,
की मी डिस्ककडून घेतलेल्या शब्दाचं?

साखर पेठेत फोन लावला.
मागं टीव्हीवर तेलुगूत कुणीतरी भांडत होतं.
काका, ती पानांची... ठेवू का?

बराच वेळ नुसता टीव्ही.
मग म्हणाले, "किती जागा खातंय?"

अडीच एमबी.

"एवढंच?" म्हणाले,
जरा दुखावल्यासारखे.